गोठ्यातली बँडसॉ

३ जानेवारी

माझं सगळं बदललं ते काल संध्याकाळी, मळवलीच्या रेल्वे फाटकात. मालगाडी संपता संपत नव्हती. बाइक बंद करून उभा होतो, तेवढ्यात शेजारी स्कूटर येऊन थांबली. प्रेरणा. टाकव्याची, दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती, आता कामशेतला मेडिकलमध्ये बसते. इकडे मावशीकडे आली होती. हेल्मेटची काच वर करून म्हणाली, "सत्या, तुमच्या गोठ्यातली ती बँडसॉ चालते का रे?"

वर्षभर त्या मशीनला कोणी हात लावलेला नाही. म्हटलं, "चालते काय, पळते!"

"मग रुखवताचं काम करशील? घरात लग्न आहे, फेब्रुवारीत. थर्माकोलचं विकतचं नको. लाकडाचं हवं. बैलगाडी, विहीर, असं आपल्याकडचं."

मी सगळ्याला हो म्हटलं. फाटक उघडलं. ती अजून काही सांगणार होती, पण मागचा गाडीवाला हॉर्नवरून हात काढेना, म्हणून मी वळून त्याच्याशी भांडायला लागलो. भांडण संपेपर्यंत ती गेली होती.

लग्न तिच्या थोरल्या बहिणीचं. ती पुण्याला नर्स आहे. थोरलीचं उरकलं की पुढचा नंबर कोणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको.

ही पानं माझ्या कॉलेजच्या जर्नलची आहेत. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला सरांनी वर्गासमोर ही जर्नल माझ्या अंगावर फेकली. मी ती उचलून त्यांच्या टेबलावर परत फेकली आणि बाहेर पडलो, तो पडलोच. निम्मी पानं कोरी राहिली होती. आता कामी येतील.

५ जानेवारी

मशीन उघडलं. आबा ज्या बंगल्याची राखण करतात, तिथल्या मालकांची ही हौस होती. ते मुलाकडे परदेशी गेले आणि जाताना मशीन आबांना देऊन गेले. बैल विकल्यापासून गोठा रिकामाच होता, म्हणून तिथं ठेवलं. लाकडं गव्हाणीत.

दोन चाकं, एक वर, एक खाली, आणि दोन्हींवरून फिरणारा दातांचा पट्टा. एवढंच तर यंत्र. खालचं दार उघडलं तर आत भुशाचा लगदा आणि उंदरांचं बाळंतपण. भुसा काढला, पट्ट्याचा गंज रॉकेलने पुसला, चालू केलं. लाकूड सारलं तर पट्टा रेघ सोडून डावीकडे. ताण कमी असणार, म्हणून वरची चकती आवळली. तरी डावीकडे. अजून आवळली. तरी तेच. मग मला राग आला आणि पाना लावून आवळली.

बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. पट्टा तुटून दाराच्या आत गुंडाळी होऊन बसला. दार बंद होतं म्हणून वाचलो.

आबा धावत आले. मी धड आहे बघितलं आणि म्हणाले, "ह्यापरीस बैल बरा व्हता. मारायच्या आधी निदान मान तरी हालवायचा."

६ जानेवारी

कामशेतला नुसरतआपाकडे गेलो. सॉमिलच्या मागे तिचं धार लावायचं दुकान आहे. तिचा नवरा इर्शाद टेम्पो चालवतो आणि ती करवती बघते. सगळ्या मावळातले सुतार तिला भितात. धारेला नाही, तोंडाला.

तुटका पट्टा बघून म्हणाली, "कोणी आवळला हा?"

"मीच."

"कॉलेजात हेच शिकवलं का? की हे शिकवायच्या आधीच पळालास?"

मी उठून निघालो होतो. तिने पट्टा हातातून सोडला नाही, म्हणून थांबावं लागलं.

"बस. आधी चाक सरळ करायचं. मग ताण द्यायचा. गाईड सगळ्यात शेवटी. तू उलटीकडून लागलास. वाकडं चालणाऱ्याला आवळून सरळ करता येत नाही, राजा, ते तुटतं." दोन्ही टोकं तिने दगडावर तिरकी घासली, एकावर एक बसवली, मधे सांधा जोडायची चांदीच्या झाळेची पट्टी ठेवली आणि गॅसची ज्योत धरली. "आणि काम झालं की पट्टा ढिला करायचा. रोज. चार फेरे उलटे. मशीन झोपलं की पट्टा झोपला पाहिजे."

"रोज कोण करतंय ते."

"ज्याला मशीन टिकवायचंय तो करतो. काम कसलं घेतलंस?"

"टाकव्याचं रुखवत. प्रेरणाच्या घरचं."

"अच्छा. त्या लग्नाचा टेम्पो आमच्याकडेच आहे." मग ज्योत बारीक करून म्हणाली, "नवरी कोण ते माहीत आहे ना तुला?"

"माहीत नसायला काय झालं? घरच्यासारखंच आहे."

तिने माझ्याकडे बघितलं, ज्योत मोठी केली आणि पुढे काही बोलली नाही. एरवी ही बाई गप्प बसत नाही. सांधा नाजूक असणार.

८ जानेवारी

सकाळपासून मशीनवर. प्लग काढून ठेवला आणि वरचं चाक हाताने फिरवत पट्टा मधोमध चालेपर्यंत मागची चकती थोडी थोडी वळवली. मग ताण. मग गाईड, म्हणजे पट्ट्याला दोन्ही बाजूंनी आवरणारे ठोकळे. पट्टा आणि गाईडमध्ये कागदाएवढी फट ठेवायची असते. कागद म्हणून परीक्षेचं हॉलतिकीट घेतलं. त्याचा एवढाच उपयोग होता. टेबलाला गुण्या लावून काटकोन बघितला.

तरीही चाक एका जागी आलं की पट्टा हलकी उडी मारायचा. आपा म्हणाली होती, चाकावरचं रबर झिजलं असेल, नवं घालावं लागेल. मी बोटाने रबर चाचपत गेलो तर खालच्या चाकावर एका जागी चीक आणि भुसा दगडासारखा घट्ट बसला होता. छिन्नीने खरवडला. रबर खाली धड निघालं. म्हणजे आपाचंही चुकतं! तिला फोन करून सांगितलं. म्हणाली, "शाबास. आता तिथे ब्रश बसव म्हणजे परत चिकटणार नाही," आणि ठेवला. स्वतःची चूक काही मान्य केली नाही. ब्रश मात्र मी बसवला.

मग लाकूड सारलं. सरळ. रेघेवर रेघ. मी गोठ्यात एकटाच ओरडलो.

लगेच प्रेरणाला फोन. ती म्हणाली, "बरं झालं, तूच केलास. सत्या, मला तुला एक सांगायचं होतं." म्हटलं, आधी माझं ऐक, आणि चाक, चीक, हॉलतिकीट, सगळं सांगितलं. ती हसली. दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवावा लागला. तिचं राहूनच गेलं.

१२ जानेवारी

प्रेरणा गोठ्यात आली. बैलगाडी तयार होती. बंगल्याच्या जुन्या खिडक्यांचं सागवान आहे, रंग बघत राहावा असा. बैल करायची रीत मी पुन्हा पुन्हा चुकून शिकलो. ठोकळ्याच्या एका बाजूला बैल समोरून काढायचा, दुसऱ्या बाजूला कडेने. आधी एक बाजू कापायची, निघालेले तुकडे टेपने परत जागच्या जागी चिकटवायचे आणि मग दुसरी कापायची. टेप सोडली की कवचातून निघावा तसा बैल बाहेर येतो.

तिच्यासमोर एक कापून दाखवला. टेप तिलाच सोडायला लावली. बैल तळहातावर घेऊन ती म्हणाली, "अय्या, ह्याला तर वशिंडसुद्धा आहे!" मला वाटलं, हे आयुष्य असंच थांबावं.

गव्हाणीच्या काठावर बसून तिने चहा घेतला. मग म्हणाली, "अजून एक करशील? स्कूटर. माझी आहे तशी. चालवायला मुलगी आणि मागच्या सीटवर माणूस. माणूस वेगळा कर, काढता-घालता येईल असा. वरात निघते तेव्हा मी त्याला..." आणि थांबली. "सत्या, तुला कळतंय ना मी काय म्हणते?"

म्हटलं, "सगळं कळतं. पुढचं बोलू नकोस, मला काय ते करू दे."

तिने चहाचा कप खाली ठेवला. "खरंच कळलं?"

"आई शप्पथ."

"तुला चालेल?"

"चालेल म्हणजे काय!"

तिचे डोळे भरून आले होते. जाताना म्हणाली, "मला वाटलं होतं तू भांडशील. तू लय चांगला आहेस रे." एरवी ती लय म्हणत नाही.

थोरलीला स्कूटर येत नाही. म्हणजे बहिणीच्या रुखवतात हिने स्वतःला ठेवलं आणि मागे कोणाला बसवायचं ते माझ्यावर सोडलं. मुलीने अजून किती स्पष्ट बोलायचं असतं?

१५ जानेवारी

काल संक्रांत. टाकव्याहून प्रेरणाच्या आईने तीळगूळ पाठवला. आई वाटी रिकामी करता करता आबांना म्हणाली, "थोरलीचं काय खरं न्हाई जनू. लगीनच नको म्हनती."

आबा म्हणाले, "मंग बसंल तशीच. आजकालच्या पोरी आयकत्यात व्हय?"

लग्नाआधी सगळ्याच नाही म्हणतात. रुखवत निम्मं तयार झाल्यावर कोण थांबवणार आहे? आईला प्रत्येक घरातलं अर्धं ऐकायची सवय आहे.

माझं ठरलं. सामान पोहोचवीन त्या दिवशी विचारायचं. थोरलीचं लग्न लागलं की वर्षभरात आपलं. तोपर्यंत गोठ्यावर नवे पत्रे, एक रंधा मशीन. कॉलेजला जायची गरज नाही, हे तिच्या घरच्यांना मशीन बघूनच कळेल.

मागच्या सीटवरचा माणूस आज कापला. केस कुरळे, कान जरा मोठे. कुठलाही माणूस काढायचा म्हटलं तर आपलाच हात आपल्याकडे वळतो.

१९ जानेवारी

मशीनने वाट लावली. सकाळी चालू केलं तर ठक, ठक, ठक. पट्टा थरथरतोय, कापाला पायऱ्या पडतायत. विहिरीचा रहाट वाया गेला. मी मशीनला लाथ घातली. मशीन ओतीव लोखंडाचं आहे हे माझ्या अंगठ्याला माहीत नव्हतं.

लंगडत आपाला फोन लावला.

"पट्टा ढिला करत होतास का रोज?"

"रोज काम करायचंच असतं, तर ढिला कशाला करायचा?"

"म्हणून रबराला खळगा पडला. रात्रभर एकाच जागी दाबून ठेवल्यावर दुसरं काय होणार? आता चाक हाताने फिरवून ठेव, दोन दिवस पट्टा काढून ठेव. उठलं रबर तर उठलं. नाहीतर ये."

"दोन दिवस? माझ्याकडे वेळ नाही!"

"तुझ्याकडे वेळ कधीच नसतो रे. समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंतसुद्धा नसतो." आणि ठेवला. वाक्याचा काय संबंध?

संध्याकाळी प्रेरणाचा मेसेज. 'मागच्याला चष्मा हवा हं. विसरू नकोस.'

मला चष्मा नाही. खूप विचार केला. मी पुढे शिकावं असं तिच्या मनात असेल. चष्मा म्हणजे शिकलेला माणूस. ह्यावर तिच्याशी बोलावं लागेल, पण गोडीत.

२३ जानेवारी

रबर उठलं होतं. मशीन चालू झालं. रहाट परत केला. स्कूटर पुरी झाली.

दुपारी प्रेरणा आली. स्कूटरवरची मुलगी बघून हसली, ओढणीवरून बोट फिरवलं. मग मागच्या माणसाला उचललं. उलटा केला, सुलटा केला. हसू गेलं.

"सत्या, हा तू आहेस."

"मग कोण असणार?"

ती गव्हाणीच्या काठावर बसली. माणूस हातातच. "अतुल आहे तो. जुन्नरचा. तुला कळलंय म्हणालास ना? शप्पथ घेतलीस. माझं लग्न आहे, सत्या."

माझ्या तोंडातून निघालं काय, तर "थोरलीच्या आधी?"

"ती करणारच नाही म्हणाली. घरात वर्षभर तेच चाललं होतं. शेवटी आईच म्हणाली, धाकटीचं अडवायचं नाही." मग तिचा आवाज चढला. "मी तुला फाटकात सांगत होते, तू कोणाशी तरी भांडत होतास. फोनवर सांगत होते, तू रबराचं सांगत बसलास. इथे बसून सांगत होते, तू म्हणालास, पुढचं बोलू नकोस. एकदा तरी मला बोलू दिलंस का?"

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी म्हणालो, जुन्नरच्याच सुताराकडून करून घे, माझ्या गोठ्यातून चालती हो. आबा अंगणात होते. त्यांनी सगळं ऐकलं.

प्रेरणाने माणूस टेबलावर ठेवला. "मी त्यांच्या घरी सांगून बसलेय की आमच्याकडे मळवलीचा सत्यम सगळं हाताने करतो. लग्नात बायका रुखवताभोवती जमतात आणि पहिलं विचारतात, कोणी केलं. मला तिथे तुझं नाव घ्यायचं होतं. बाकी काही नाही."

स्कूटर चालू करून गेली. काहीच नेलं नाही.

२४ जानेवारी

मागच्या माणसाला पट्ट्यावर धरला आणि डोक्यापासून खालपर्यंत उभा चिरला. पट्टा जराही हलला नाही. इतका सरळ काप आजवर ह्या मशीनवर निघाला नव्हता. दोन्ही अर्धे टेबलावर उभे राहिले.

२८ जानेवारी

तीन दिवस गोठ्यात गेलो नाही. आज गेलो तर आबांनी झाडून घेतलं होतं. ते दोन अर्धे गव्हाणीत नीट शेजारी शेजारी ठेवलेले. मला बघून म्हणाले, "बैल इकला तवा म्या बी आठ दिस हितं आलो न्हवतो. मंग आलो. जागा काय आपल्यावर रुसती व्हय?"

"मी मशीन विकतोय, आबा."

"इक की. पर त्या पोरीचं सामान आदुगर दे. लोकाच्या लग्नातलं अर्दं काम घरात ठिवू न्हाई."

आपाचा फोन आला. इर्शाद तीन तारखेला टेम्पो घेऊन येणार, सामान तयार आहे ना, म्हणून. मी म्हटलं, "तुला आधीपासून माहीत होतं."

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं होतं मी. तू म्हणालास, घरच्यासारखंच आहे. मी काय तुझी सासू आहे, दोनदा विचारायला?" मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "आणि ते तिनेच सांगायचं होतं, सत्यम. माझ्या तोंडून ऐकून तू माझ्याच दुकानात आग लावली असतीस."

तेही खरं आहे.

३१ जानेवारी

मेडिकलसमोरून गेलो. आत जायचं ठरवलं होतं. प्रेरणा एका म्हाताऱ्याला गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावत होती. त्याचं ऐकू येणं कमी असावं, ती सगळं परत परत सांगत होती. मी बाहेर उभा राहिलो. तो गेल्यावर आत गेलो आणि म्हणालो, "तुला अजून काही सांगायचं राहिलंय का?"

तिला वाटलं, मी भांडायला आलोय. मग तिने माझं तोंड बघितलं.

तिने सांगितलं. अतुल दूध डेअरीत असतो. त्याला स्कूटर येत नाही, लहानपणी पडला तेव्हापासून भितो. बघायला आला तेव्हा त्यानेच विचारलं, लग्नानंतर तुम्ही चालवाल का, मी मागे बसेन. त्यावर ही हो म्हणाली. म्हणून ती स्कूटर. मी मधे एकदाही बोललो नाही. अवघड गेलं. दात आवळून जबडा दुखला.

शेवटी म्हणालो, "फोटो पाठव. कपाळ कसं आहे ते बघावं लागेल."

१ फेब्रुवारी

अतुल कापला. समोरून आणि कडेने. कपाळ मोठं, खांदे उतरते. माणूस दिसायला वाईट नाही, हीच अडचण आहे. एक हात सीटला घट्ट धरलेला केला, भितो म्हणून.

चष्मा बँडसॉवर होत नाही. पट्टा कडेनेच आत शिरतो, बंद गोल कापायचा तर कडा फोडावी लागते. आपाने जोडलेला पट्टा गुंडाळून दिला, तेव्हा त्याला बांधलेली तांब्याची बारीक तार पडून होती. ती खिळ्याभोवती वळवून चष्मा केला. टेप सोडली, चष्मा घातला आणि त्याला मुलीच्या मागे बसवला. बसला. फट नाही, हालचाल नाही.

आई बघायला आली. म्हणाली, "बया, चष्म्याचा बरा दिसतोय." मग जीभ चावली. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि भाकऱ्या टाकायला गेली.

३ फेब्रुवारी

इर्शाद टेम्पो घेऊन आला. बैलगाडी, विहीर, तुळस, जातं, सगळं भाताच्या पेंढ्यात बसवून दिलं. स्कूटरचं खोकं वेगळं. म्हटलं, "भाऊ, हे पुढे तुमच्याजवळ ठेवा. मागच्याचा चष्मा वाकेल."

"मागचा कोण?"

"नवरदेव."

इर्शादने खोक्यात डोकावून बघितलं. "आणि कोणी केलं म्हणून विचारलं तर?"

"नवरीला माहीत आहे."

टेम्पो वळणाआड गेला. आबांनी विचारलं, मशीन बघायला गिऱ्हाईक कधी बोलावू. मी म्हटलं, राहू दे आत्ता. ते बरं म्हणाले आणि बंगल्याच्या झाडांना पाणी घालायला गेले.

दुपारभर गोठ्यात होतो. खालचं दार उघडून भुसा काढला. चाकाच्या ब्रशला चिकटलेला चीक सोडवला. गाईड मागे सरकवले. ते दोन अर्धे अजून गव्हाणीतच होते. जोडावेत का म्हणून हातात घेतले. मधे पट्ट्याच्या जाडीएवढं लाकूड भुसा होऊन गेलंय, आता जोडले तरी तोंड बारीक येणार. तसेच ठेवले.

मग प्लग काढला आणि वरची चकती उलटी फिरवली. चार फेरे. पट्टा चाकावर सैल पडला, बोटाने ढकलला तर हलला. जर्नल काखेत घेतली, दिवा घालवला, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.